रस्त्याकडची शेड

"काका, आता तुम्हीच सांगा, यात फरक कुठे आहे?" प्रदीपने काट्यावरची कोंबडी उतरवून फार्मवर कामाला असलेल्या आवडीच्या हातात दिली आणि रुमालाने कपाळ पुसलं.

जोनाथनकाकांनी चष्मा वर सरकवून काट्याकडे पाहिलं, मग कोंबडीकडे पाहिलं. कोंबडी चांगली गुटगुटीत होती. पंचाईत तीच होती. ओढ्याकडच्या शेडमधल्या कोंबड्या जशा भरल्या होत्या, तशाच या रस्त्याकडच्या शेडमधल्याही भरल्या होत्या. आणि काकांची पावडर फक्त ओढ्याकडच्या शेडला द्यायची ठरली होती.

"मरतूक पण दोन्हीकडे कमीच," प्रदीप म्हणाला. "या खेपेची पिल्लंच चांगली आली. हवाही बरी होती. पावडर वाईट आहे असं मी म्हणत नाही हां काका. पण टाकली काय, न टाकली काय, सारखंच. वर हेच कळवावं लागेल मला."

प्रदीप कंपनीचा सुपरवायझर. पोरगा मनाने वाईट नव्हता. काकांच्या पावडरीसाठी त्यानेच रोह्याच्या ऑफिसात चार वेळा तोंड वाजवलं होतं. लोकांना हल्ली औषधावर न वाढवलेली कोंबडी हवी, आपल्या भागातला माणूस झाडपाल्याचं काही बनवतोय, तर एकदा बघायला काय जातं, असं सांगून त्याने निडीच्या या फार्मवर चाचणीची परवानगी आणली होती.

आणि एका शेडला द्यायची, दुसरीला नाही, हा हट्ट मात्र काकांचा. "दोन्हीकडे टाकली आणि कोंबड्या चांगल्या झाल्या, तर तुम्ही म्हणाल हवा बरी होती," असं ते स्वतःच छाती काढून बोलले होते. आता ते शब्द आठवून त्यांना स्वतःचाच राग आला.

जोनाथन जितेकरांची सगळी नोकरी पेणच्या जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून झाली. गावोगावचे लोक त्यांना डॉक्टर म्हणत आणि ते दर वेळी "डॉक्टर नाय रे, कंपाउंडर" असं दुरुस्त करत. शेवटी लोक हटले नाहीत, काकाच दमले. ढाळ लागलेल्या वासरांना कुड्याची साल आणि बेलाचा गर देता देता त्यांना कोंबड्यांचा नाद लागला. ब्रॉयलरचं सगळं आयुष्य खाण्यात जातं, आणि पोट बिघडलं की सगळंच बिघडतं. शी पातळ होते, खाली पसरलेलं भाताचं तूस ओलं होतं, त्याचा उग्र वास डोळ्यांत चढतो, पिल्लं मान टाकतात. काकांनी कुडा, बेल, ओवा, सुंठ, हळद यांची किती मिश्रणं केली आणि किती फेकली ते फक्त बायकोला, दीनाला माहीत होतं. "माझ्या स्वयंपाकघरात माणसांचं जेवण पण बनवू द्या कधी," असं म्हणायची ती. बोलायची, आणि सुंठ कुटून द्यायची. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. गावाबाहेरच्या ज्यू कबरस्तानात तिची कबर सगळ्यात नवी होती, कारण तिच्यानंतर मरायलासुद्धा तिथे कोणी उरलं नव्हतं. काका जात तेव्हा ज्यूंच्या रीतीप्रमाणे आठवणीची खूण म्हणून कबरीवर एक खडा ठेवून येत.

मुलगी नोआ तिकडे इस्रायलमध्ये, अश्दोदला. दर शुक्रवारी फोनवर तिचं एकच, "पप्पा, तिथे आता आपलं कोण उरलंय?" काका म्हणत, "माणसं नसतील, काम उरलंय." शेवटी बापलेकीत ठरलं होतं. कंपनीने पावडर घेतली तर पप्पा पेणला राहतील. नाही घेतली तर तिथलं रामवाडीचं राहतं घर विकून मुलीकडे जातील, आणि मग कुरकुर करायची नाही. काकांनी ज्यूंच्या नवसाला पावणाऱ्या एलियाहू हन्नाबी पैगंबराला नवसही बोलून ठेवला होता, पावडर कामाला आली तर मालिदा करीन. इतका भरवसा होता की आज निघताना पेणच्या बाजारातून पोहे, गूळ आणि नारळ घेऊनच निघाले होते. पिशवी आवडीच्या खोलीबाहेर खुंटीला टांगलेली होती.

प्रदीप फोनवर बोलायला बाहेर गेला. काका तिथेच उकिडवे बसले आणि त्यांनी मूठभर तूस उचललं. तूस कोरडं होतं. या शेडमध्ये दर बॅचला चिखल व्हायचा, हे ते स्वतः बघत आले होते. त्यांनी मूठ नाकाशी नेली. ओव्याचा वास आला.

"काय गो आवडे," ते हळूच म्हणाले, "हितं काय टाकलंस तू?"

आवडीने कोंबडी सोडली, दाराकडे पाहिलं आणि लाजल्यासारखी हसली. आदिवासी वाडीवरून ती नवरा मंगळ्याबरोबर या फार्मवर कामाला आली होती. राहायला शेडच्या कडेची खोली होती. मुलगी रोशनी इथूनच रोह्याच्या शाळेत जायची.

"डाक्टरकाका, रागावू नका. तुमी सांगलं व्हतं, रस्त्याकडं चिमूटभर नाय टाकायची. पहिलं नायच टाकली. पन ह्यांना ढाळ लागली. मी त्या शेडीत औशद घालून हिकडं यायची, तर ही माज्या पायात यायची सगली, चोची वर करून. येका पोराला वाढायचं आन दुसऱ्यानं ताटाकडं बघत बसायचं? आमच्यात नाय चालत असं. म्हून दोनीकडं घातली."

"पावडर पुरली कशी?"

"कमी पडली तवा मंगळ्यानं साल आनली रानातून. औशद न्यायला यायची तवा तुमच्या घरी कुटताना बगलंय ना मी. बाकीचं बाजारातून आनलं." तिने काकांच्या तोंडाकडे पाहिलं. "बरी झाली ना पन? येक पन नाय मेलं मंग."

पावडर लागू पडली होती. एका नव्हे, दोन्ही शेडमध्ये लागू पडली होती, आणि म्हणूनच नापास झाली होती. त्यांना असा संताप आला की हातातलं तूस त्यांनी जमिनीवर आपटलं. आवडी दचकून मागे सरली. तिचं हसू गेलेलं पाहून ते उठले आणि बाहेर आले.

प्रदीप मोटरसायकलवर बसून हेल्मेट घालत होता.

"प्रदीप, थांब जरा. समज, रस्त्याकडच्या शेडमध्ये पण पावडर गेली असेल तर?"

प्रदीपने हेल्मेट काढलं. "गेलीय?"

"समज म्हटलं मी."

"तसं असेल तर गोष्टच वेगळी, काका. मी आज वर कळवतो. पुढच्या बॅचला परत लावू, तुमची पावडर शंभर टक्के निघणार. पण मग कोणी टाकली ते नाव द्यावं लागेल. खाद्यात परस्पर काही घातलं की कंपनी माणूस ठेवत नाही. मागे कामावरच्या रघूने निंबाचं पाणी पाजलं, तर त्याच संध्याकाळी भांडीकुंडी रस्त्यावर काढायला लावली. मलाच उभं राहावं लागलं तिथे. सांगा, काका. गेली होती का?"

खोलीच्या दाराशी दोरीवर रोशनीचा शाळेचा फ्रॉक वाळत होता. काकांची नजर त्यावर गेली आणि तिथेच राहिली. एक नाव. एवढंच सांगायचं होतं. रामवाडीचं घर, दीनाची कबर, सगळं त्या एका नावावर राहणार होतं. नाव ओठांवर आलंही.

"नाय रे," ते म्हणाले. "म्हातारा झालो. हरलो की काय काय सुचतं."

"मनाला लावून घेऊ नका, काका. संध्याकाळी गाडी घेऊन येतोय मी, तुम्हाला पेणला सोडेन." मोटरसायकल नागोठण्याच्या दिशेने गेली. तिचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत काका फाटकाशी उभे राहिले.

परत आले तर आवडी पायरीवर बसली होती. "डाक्टरकाका, माजं चुकलं का काय?"

काका तिच्याशेजारी टेकले. खुंटीवरची पिशवी त्यांनी मांडीवर घेतली. नवस काय बोललो होतो, ते त्यांनी मनात पुन्हा आठवून पाहिलं. पावडर कामाला आली तर, असं बोललो होतो. कंपनीने घेतली तर, असं नव्हतं.

"नाय गो. पावडर पास झाली," ते म्हणाले. "विळी आण, खोबरं खवायचंय. आणि परत खाद्यात असलं काय घालू नको. प्रदीपला कधी बोलू पण नको. माझी शपथ हाय."

आवडीने पोहे भिजवले, खोबरं खवलं, गूळ चिरला. काकांनी डोक्यावर रुमाल टाकला आणि हलक्या आवाजात प्रार्थना म्हटली. ही प्रार्थना दहा पुरुषांत म्हणायची, पण दहा आणायचे कुठून? आवडीला त्यातला शब्द कळला नाही, तरी तिने शेवटपर्यंत हात जोडून ठेवले.

"आता औशद कवा आनाल?" तिने विचारलं.

"आता नाय आणणार. लेकीकडे चाललोय मी."

"येनार कवा?"

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. आवडीने पदर तोंडाला लावला. मग उठून तिने सागाची पानं आणली आणि मालिदा वाढायला घेतला. एक वाटा काकांना, एक मंगळ्याला, एक शाळेतून येणाऱ्या रोशनीला, एक स्वतःला. हाताने थोडं इकडचं तिकडे करून तिने सगळे सारखे केले. मग प्रत्येकातला घास घास काढून तिने पाचवं पान भरलं.

"हा कुणाचा?" काकांनी विचारलं.

"परदीपसायबाचा. सांजच्याला येल ना तो."

काकांनी त्या पाचव्या पानावर दुसरं पान झाकलं. मग अंगणातला एक खडा उचलला, धोतराला पुसला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वर ठेवला.