काउबॉय शशिकांतची गिटार

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे आणि माझ्या पोटात तांदूळ आहेत. हसू नका. ते कसे आले हे ऐकलेत, तर हसू आपोआप थांबेल.

एका म्हाताऱ्या डच कारागिराने पातळ फळ्या वाकवून मला घडवले आणि नेदरलँड्समधल्या एनस्खेडे शहरात शिकायला आलेल्या शशिकांतने मला विकत घेतले. अमेरिकेतल्या घोडेस्वार गुराख्यांच्या, म्हणजे काउबॉयच्या गाण्यांचे त्याला वेड होते. तशी गाणी तो स्वतःही रची. तिथल्या छोट्या रेडिओ केंद्राने त्याला संधी दिली आणि शशिकांतचा 'काउबॉय सॅम' झाला. काय दिवस होते ते! दर शनिवारी तो गाई, मी साथ करी, आणि श्रोत्यांच्या पत्रांचा ढीग पडे. असा आवाज सोनेरी केसांच्या माणसाचाच असणार, असे सगळे धरून चालले होते.

मग सिनेमावाले आले. त्यांना आवाज पसंत पडला, चेहरा नाही. समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर एक गोरा नट घोड्यावर बसून नुसते ओठ हलवी. शशिकांत आणि मी झुडपामागे. टेलिव्हिजनवर तर कहर झाला. त्याची काउबॉय टोपी काढून त्याला फेटा बांधला आणि पुढ्यात रबरी साप ठेवला. लोक खो खो हसले. घरी येताच शशिकांतने मला भिंतीवर टांगले आणि पुन्हा हात लावला नाही.

पुढे नोकरीमुळे बिऱ्हाड त्याच देशातल्या लायडस्खेनडाम गावी गेले. मी तिथेही भिंतीवरच. दसऱ्याला मात्र माझा थाट असे. त्या घरात शस्त्रे कुठली? पाटावर लॅपटॉप, सायकलींच्या किल्ल्या आणि मी. शशिकांतची बायको मृणालिनी मला ओल्या फडक्याने पुसून हळदकुंकू लावी, हार घाली, अक्षता टाकी. त्या थेट माझ्या पोटात जात. मग सुकायला म्हणून ती मला खोली उबदार ठेवणाऱ्या, तापलेल्या रेडिएटरला टेकवून ठेवी. भक्तीच ती! त्या भक्तीने माझी मान वाकली आणि पोट तडकले. कुणी एकदा तार छेडली असती तरी कळले असते.

यंदा टेलिव्हिजनवरून फोन आला. जुन्या रेडिओगायकांना पुन्हा गायला बोलावले होते. "या वेळी आवाजही माझा आणि चेहराही माझाच," शशिकांत येता-जाता म्हणत होता. त्याने मला खाली काढले, नव्या तारा चढवल्या, खुंट्या पिळल्या, आणि माझी मान कडकन निखळली.

"अहो, मी तर दर वर्षी मनोभावे पूजा केली हिची!" मृणालिनी रडवेली झाली.

"पूजा केलीस गं. पण एकदा तरी म्हणायचं होतंस, अहो, जरा वाजवा."

"आणि तुम्हाला स्वतःला नाही वाटलं कधी?"

त्याने माझी निखळलेली मान उचलून फडक्यात गुंडाळली.

स्टुडिओत त्याला कोरी गिटार दिली. बोटांना सूर सापडेनात, गळाही साथ देईना. दिग्दर्शिका अदबीने 'डांक यू वेल', म्हणजे 'आभारी आहे', म्हणाली आणि तिने पुढच्या गायकाला बोलावले. कार्यक्रम लागला तेव्हा त्यात शशिकांत नव्हता. मुलगी ईशानी म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट अ शो." त्याने मान डोलावली.

मित्रांनो, वाद्याला हार घालू नका, असे मी म्हणत नाही. पण आधी ते हातात घ्या, बेसूर का होईना, वाजवा. नुसते पुजलेले वाद्य मुके होते आणि वाजवणाऱ्यालाही मुके करते. आमचा शशिकांत आता आंघोळ करतानासुद्धा गुणगुणत नाही.