मिर्तोची झोप

"अजून एक घे," असं म्हणेपर्यंत स्तामाताबाईंनी कोकराचा आणखी एक तुकडा हेल्मीच्या ताटलीत टाकलासुद्धा.

"नको. खरंच नको. पोट भरलं," हेल्मी म्हणाली. तिचं ग्रीक अजून कच्चं होतं, त्यामुळे तिचं प्रत्येक वाक्य गरजेपेक्षा जरा कोरडंच पडायचं.

"एवढ्यात भरलं? सूनबाई, सांग गं हिला, मी काही विष नाही कालवलं त्यात!"

एवान्थिया कसनुसं हसली. हेल्मीनं तो तुकडा खाल्ला नाही. ती उठली, आपली ताटली धुऊन ठेवली, आभार मानले आणि खांद्यावर टॉवेल टाकून समुद्रावर पोहायला गेली.

"डिसेंबरात पोहायला!" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "आणि घरची माणसं अजून जेवतायत, तर ही उठून चालली. खाणावळ आहे का ही?"

"आई, रविवारी तिला सुट्टी असते."

"सुट्टी? घरच्या माणसांपासून सुट्टी?"

एवान्थिया खाली मान घालून जेवत राहिली. तिच्याही मनात तेच होतं.

हेल्मी फिनलंडहून ओ पेअर म्हणून आली होती. घरात राहायचं, बाळ सांभाळायचं, सवड मिळेल तेव्हा भाषा शिकायची. 'ती घरातलीच एक होऊन राहील,' असं ठरवतानाच लिहिलं होतं, आणि त्या एका वाक्यावर एवान्थियानं मनात केवढे इमले बांधले होते! नवरा आर्गिरिस जहाजावर इंजिनियर; वर्षातले बरेच महिने पाण्यावर. फोनवर त्याचा आवाज यायचा, तोही तुटत तुटत, शंखाला कान लावल्यासारखा. त्यामुळे तिला वाटलं होतं, एक बहीण येईल. दोघी मिळून भाजी निवडू, बाजारात जाऊ, कॉफी घेत इकडच्या तिकडच्या गप्पा मारू. आली ती ही उंच, शांत मुलगी. काम चोख. बाळाला जीव लावायची. पण काम संपलं की आपल्या खोलीत जायची आणि दार लावून घ्यायची. दाराचा तो हलकासा 'खट्' एवान्थियाला दर वेळी लागायचा.

त्यात मिर्तोला झोप नव्हती. आठ महिन्यांचं पोर, पण जरा डोळा लागला की दचकून उठायचं. ती झोपत नाही म्हणून आईलाही झोप नाही. एवान्थिया बंदरावर बोटीच्या तिकिटांच्या खिडकीत बसायची. हल्ली काचेपलीकडची माणसं तिला पाण्याखाली असल्यासारखी दिसायची. तोंडं हलताहेत, आवाज मात्र मागाहून येतोय. एकदा तर नाक्सोस बेटावर जाणाऱ्या पाद्रीबाबांच्या हाती तिनं अथेन्सच्या पिरेयस बंदराचं तिकीट ठेवलं. बाबा म्हणाले, "लेकरा, मला तिकडे नको पाठवूस, तिकडे माझा भाऊ राहतो." रांग हसली. एवान्थियाही हसली, आणि हसता हसताच तिला जाणवलं की आपल्या डोळ्यांतून पाणी येतंय.

जानेवारीच्या मध्यावर थंडी मागे सरते आणि काही दिवस समुद्र काचेसारखा पडून राहतो. अशाच एका दिवशी ती दुपारी घरी आली, तर जिन्यापर्यंत सासूबाईंचा आरडाओरडा ऐकू येत होता.

"मारून टाकलं! पोरीला गारठवून मारून टाकलं हिनं!"

एवान्थिया धावतच गच्चीवर गेली. बाबागाडी उघड्यावर होती, बंदराकडे तोंड करून. लोकरीच्या दुलईत मिर्तोचं फक्त नाक दिसत होतं, लालबुंद. सासूबाई गाडी ओढत होत्या आणि हेल्मी दोन्ही हातांनी ती धरून उभी होती.

"हळू," हेल्मी कुजबुजत होती. "हळू बोला. झोपली आहे."

"सोड ती गाडी!" एवान्थिया ओरडली. "वेड लागलंय का तुला? जानेवारी आहे!"

"आमच्याकडे सगळी बाळं बाहेर झोपतात. बर्फ असतो, तरी. आत खूप ऊन... नाही, खूप गरम आहे. सारखी शेगडी. म्हणून ती उठते."

"मला विचारलंस?"

हेल्मीनं गाडी आणखी घट्ट धरली.

"मला विचारलंस का? हे तुझं घर नाही, हेल्मी. तू इथे कामाला आहेस. कामाला!"

शब्द तोंडातून निघून गेले होते. सासूबाईसुद्धा सुनेकडे बघत राहिल्या. हेल्मीनं गाडीवरचे हात काढले.

"हो," ती म्हणाली. "विचारायला हवं होतं."

एवान्थिया वाकली. दुलईत हात घातला. पोरीचा गळा उबदार होता, श्वास संथ. इतका लांब, निवांत श्वास तिनं आपल्या लेकीचा कधी ऐकलाच नव्हता. कधीपासून झोपली आहे, विचारलं, तर सासूबाईच पडेल आवाजात म्हणाल्या, "तू गेल्यावर थोड्या वेळानं. उठलीच नाही. म्हणून तर मी घाबरले."

गाडी आत न्यायचीच होती, पण आधी एवान्थिया खुर्चीवर टेकली. फक्त जरा श्वास ऐकावा म्हणून. खाली पाणी हलत नव्हतं. दूरची बेटं आभाळात लटकल्यासारखी दिसत होती, मग ती बेटं हळूच सुटली आणि तरंगत गच्चीजवळ आली. एका बेटावर आर्गिरिस होता, हातपाय पुसत. दुसऱ्यावर तिची वारलेली आई वाळत घातलेल्या चादरी काढत होती. "घाई नाही," आई म्हणाली, "सगळ्या वाळू देत." चादरी पांढऱ्या, संपता संपत नव्हत्या, आणि तिला त्यांतून चालत जायचं होतं, चालत जायचं होतं...

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. अंगावर सासूबाईंची काळी शाल आणि पायांवर हेल्मीचं पांघरूण होतं. गच्चीच्या दारात, उंबऱ्याला टेकून, त्या दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या. एकमेकींशी एक अक्षर न बोलता. खाली गल्लीत कुणी शेजारीण हाका मारत आली, तर स्तामाताबाईंनी कठड्यावरून वाकून तिला असे डोळे दाखवले की ती बिचारी पावलं न वाजवता परत गेली.

संध्याकाळी एवान्थियानं हेल्मीचं दार वाजवलं. "मी बोलले ते... तसं मला म्हणायचं नव्हतं."

"म्हणायचं होतं," हेल्मी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "ठीक आहे. पण तुम्ही म्हणालात, कामाला. आणि रविवारी तुम्हाला बहीण पाहिजे. मला कळत नाही, कोणत्या दिवशी मी कोण."

"तू दार लावून बसतेस, हेल्मी. मला वाटतं, आमच्यात तुझं मन नाही."

हेल्मी गोंधळून तिच्याकडे बघत राहिली. "दार? आमच्याकडे आईपण दार लावते. मी आत बसून रोज शब्द पाठ करते. तुमच्याशी बोलायला."

पण आता उशीर झाला होता. हेल्मीनं महिनाअखेर जायचं ठरवलं होतं. अथेन्सला दुसरं कुटुंब मिळालं होतं. एवान्थियानं पुन्हा पुन्हा विनवलं, सासूबाईंनीही आपल्या परीनं, म्हणजे तिच्या आवडीची केळ्याची पोळी करून, विनवलं. हेल्मीनं पोळी संपवली, पण बेत बदलला नाही. उरलेल्या दिवसांत मिर्तो रोज दुपारी गच्चीवर झोपली, आणि एवान्थियाच्या डोळ्यांपुढची पाण्याची काच हळूहळू निवळत गेली. माणसं स्पष्ट दिसू लागली. हेल्मीसुद्धा. तिच्या नाकावर वांगाचे ठिपके होते, ते इतक्या दिवसांत एवान्थियानं कधी पाहिलेच नव्हते.

जायच्या सकाळी धुकं होतं. एवान्थिया कामावर होती. हेल्मी इतर उतारूंसारखीच रांगेत उभी राहिली आणि नंबर आल्यावर खिडकीशी आली.

"एक. पिरेयस."

"पोचलीस की कळव."

"कळवते."

"आणि... बाहेर थंडी आहे, आत बस."

हेल्मीच्या ओठांच्या कडा जरा हलल्या. तिनं काचेवर क्षणभर तळहात टेकवला, बॅग उचलली आणि गेली.

बोट मागे सरू लागली तेव्हा वरच्या डेकवर हेल्मी दिसली. बाकीचे हात हलवत होते, ओरडत होते. ती कठड्याशी नुसती उभी होती, किनाऱ्याकडे तोंड करून, सरळ.

"अहो बाई, तिकीट!" रांगेतून कुणीतरी म्हणालं.

"थांबा जरा," एवान्थिया म्हणाली आणि खुर्चीवरून उठली. तिनंही हात हलवला नाही. ती उभी राहिली. रांगेनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा समुद्राकडे, आणि मग सगळे थांबले. धुक्यानं बोट पुरती पुसून टाकली तेव्हाही हेल्मी तिथेच असणार, हे तिला माहीत होतं.