मानाची फेरी

ओहायो नदीकाठच्या आमच्या गावात लायसँडर प्रुइटचा चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना होता, आणि सलग दोन वेळा तो खासदार म्हणून वॉशिंग्टनला गेला होता. पलीकडच्या जिल्ह्यातला हार्लन बेकविथ त्याचा निम्म्याचा भागीदार. मी कारखान्याचा रसायनतज्ज्ञ. झिलईची मिश्रणे ठरवत असे, आणि त्या वर्षी पक्षाच्या सभेत प्रतिनिधीही होतो.

तिसऱ्या खेपेला उमेदवारीसाठी प्रुइटसमोर बेकविथच उभा होता. त्यात वैर नव्हते, निदान प्रुइटच्या समजुतीप्रमाणे. आमच्या मतदारसंघात हे दोनच जिल्हे, आणि रीत अशी, की पहिल्या फेरीत प्रत्येक जिल्ह्याने आपली मते दुसऱ्या जिल्ह्याच्या माणसाला मानाखातर द्यायची. प्रतिनिधी समसमान असल्याने बरोबरी होई आणि खरा निकाल दुसऱ्या फेरीत लागे.

सभागृहाच्या दाराशी बेकविथने प्रुइटच्या खांद्यावर हात ठेवला. "माझा मान ठेव हं, लायसँडर. नाहीतर बायको जेवायला वाढायची नाही."

"अरे, माझं स्वतःचं मतसुद्धा तुलाच. दुसऱ्या फेरीत मात्र तुझी धडगत नाही."

बेकविथ आत गेल्यावर मी प्रुइटला म्हणालो, "साहेब, त्यांच्या माणसांना आधी मत देऊ द्या."

"तुला लेका सगळंच भट्टीत घालून बघायचं असतं," प्रुइट हसला. "इतकी वर्षं एका टेबलावर जेवलोय आम्ही."

आमच्या जिल्ह्याचा पुकारा आधी झाला. एकेक जण उठून "बेकविथ" म्हणत गेला, प्रुइटही. सौजन्य हा पुरावा नव्हे, या मताचा असल्याने मी "प्रुइट" म्हणालो. लोक मला हसले.

मग त्यांचा पहिला प्रतिनिधी उठला. "बेकविथ." तो चुकला असे वाटून पुन्हा हशा झाला. दुसराही "बेकविथ" म्हणाला, तेव्हा सभागृह शांत झाले. त्यांच्यातला एकही चुकला नव्हता; दुसरी फेरी आता होणारच नव्हती.

"दोन खेपा मिळाल्या की तुला," बेकविथ हलक्या आवाजात म्हणाला. "मी मागितलं असतं, तर सोडलं असतंस?"

"मागून बघायचं होतंस, हार्लन."

सभेचे अध्यक्ष प्रुइटकडे पाहत थांबले होते. निवड एकमताने झाली अशी नोंद व्हावी, असा ठराव हरलेल्यानेच मांडायचा, हीही रीतच. प्रुइट उठला, कोटाची बटणे लावली आणि स्वच्छ आवाजात तो ठराव मांडला.

त्याला मिळालेले एकच मत होते, माझे. ते त्याने माझ्याकडे न पाहता पुसून टाकले.