पायऱ्या सरांचा एकट्याचा वाद

पहिल्या वर्षाला विषमतेचा धडा शिकवायची त्या कॉलेजात एक वेगळीच पद्धत होती. समाजशास्त्राचे दोन प्राध्यापक वर्गासमोर उभे राहून भांडत. एक म्हणे, समाज शरीरासारखा असतो. मेंदूला आणि टाचेला सारखा मान कसा मिळेल? अवघड कामाला मोठं बक्षीस नसेल तर पुढे येणार कोण? दुसरा म्हणे, बक्षीस कुणाला द्यायचं हे ठरवणारेच वर बसलेत, त्याचं काय करायचं? ज्याचं पटेल त्याच्या बाजूच्या बाकांवर मुलांनी उठून जायचं. पहिल्याला मुलं पायऱ्या सर म्हणत, दुसऱ्याला सपाट सर.

तास संपला की दोघं जिन्याखालच्या खोलीत एकाच डब्यातलं खात उरलेलं भांडण पुरं करत. बायको गेल्यापासून पायऱ्या सरांशी मनापासून भांडणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं.

या वर्षी सपाट सर प्राचार्य झाले. त्यांच्या दाराशी शिपाई बसू लागला. पायऱ्या सर भेटायला गेले की आत मीटिंग असे. वादाच्या आदल्या दिवशी मात्र शिपायाने त्यांना आत सोडलं.

"बस रे," प्राचार्य सहीवरून नजर न काढता म्हणाले.

"उद्या वाद आहे. येशील ना?"

"अरे, विसरेन का? पण उद्याच मंडळाची बैठक आलीय. जमवतो. उशीर झालाच तर तू सुरू कर. माझं बोलणं तुला पाठच असेल."

"तुझं तुलाच कधी पाठ नव्हतं."

प्राचार्य खो खो हसले. ते जुनं हसू होतं. त्याच्या भरवशावर पायऱ्या सरांनी दुसऱ्या दिवशी वर्गात दोन खुर्च्या मांडल्या.

एक रिकामीच राहिली. "सर, समोरची टीम आली नाही, तुम्हीच जिंकलात!" मागून कुणीतरी ओरडलं. वर्ग खिदळला.

पायऱ्या सरांनी आपली बाजू मांडली, आणि ती बघता बघता संपली. आजवर मध्येच अडवणारं कुणीतरी असे, म्हणून तास पुरत नसे. मग ते रिकाम्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले.

"आता सपाट सरांचं ऐका," ते म्हणाले. "वरची जागा मिळाली की माणसाला वाटू लागतं, ती आपल्या लायकीचीच होती. त्याचं काही विशेष नाही. पण खालच्यालाही तसंच वाटू लागतं, तिथे वरच्याचं काम फत्ते होतं. मग त्याला धाक दाखवावा लागत नाही. खालचा स्वतःहूनच बाजूला सरकतो."

एक मुलगी उठून पलीकडे गेली. मग एकेक बाक रिकामं होत गेलं. अलीकडे एकच मुलगा उरला.

"तुला माझं पटलं?"

"नाही सर, इथे पंखा आहे."

पायऱ्या सरही हसले. तेवढ्यात शिपायाने दार उघडलं आणि प्राचार्य आत आले. सगळा वर्ग ताडकन उभा राहिला. पायऱ्या सर खुर्चीमागून बाजूला झाले, ती प्राचार्यांकडे वळवली आणि म्हणाले, "या सर, बसा."

इतक्या वर्षांत त्यांनी या माणसाला कधी सर म्हटलं नव्हतं. प्राचार्य क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिले, जणू आता पुढे काहीतरी चिडवणं येईल. ते आलं नाही. शिपाई दार धरून उभाच होता.

"नको, नको. चालू द्या तुमचं," प्राचार्य म्हणाले आणि निघून गेले.

मुलं बसली. पलीकडे गेलेल्या त्या मुलीने हात वर केला. "सर, सपाट सरांच्या मुद्द्याला तुमचं उत्तर राहिलं ना?"

पायऱ्या सर तिच्याकडे वळले. "द्यायचं होतं," ते म्हणाले. "पण ते त्याच्याच तोंडावर द्यायचं होतं."

त्यांनी खडू खाली ठेवला आणि तास लवकर सोडला.