उरलेला मजकूर पाठीवर

शरयूने दोरीवरचा पहिला टी-शर्ट ओढून काढला, मग दुसरा, मग अकराही एकामागून एक पाहिले. शाई वाळली होती. अक्षरे ठसठशीत, मात्रा एका रेषेत, कुठेही फुटलेली कड नाही. आणि सगळी उलटी, आरशात दिसावी तशी.

"बाबा, हे काय केलं?"

केशवराव रॉकेलच्या बोळ्याने बोटांची शाई पुसत होते. "काऊन? बरं नाई दिसून राह्यलं?"

"वाचा."

"उरलेला मजकूर पाठीवर." त्यांनी एका दमात वाचले आणि टी-शर्ट फिरवला. "खिळे संपले." आपल्याच विनोदावर ते पुन्हा हसले.

शरयूने त्यांच्यासमोर वर्तमानपत्र धरले. त्यांनी मथळा पाहिला, मग टी-शर्ट, मग पुन्हा मथळा. हसू हळूहळू उतरले.

एकतीस वर्षे ते प्रेसमध्ये शिशाचे खिळे जुळवत होते. खिळ्यावरचे अक्षर उलटेच असते, कागदावर सुलटे उमटते. कापडावरच्या या छपाईत तसे नसते, फिल्ममध्ये अक्षर कापाल तसेच उमटते, हे शरयूने त्यांना तीनदा सांगितले होते, तेही आकृती काढून. ती बी.एस्सी. होती आणि आकृती काढली की माणसाला समजते असा तिचा समज होता. सकाळी ती मुलाखतीसाठी देवळीला गेली. ती परतायच्या आत केशवरावांनी ब्लेडने फिल्म कापली आणि छापूनही टाकले.

"एकदा तरी थांबायचं ना माझ्यासाठी!"

"म्हटलं, तू थकून येशीन."

उद्या शनिवारी प्रेसमधली हातजुळणी बंद होणार होती. ऑफसेट यंत्र आले होते. निरोपाच्या दिवशी घालायला केशवरावांसह अकरा कंपोझिटरांनी हे टी-शर्ट ठरवले होते. मालक ओमप्रकाशजी म्हणाले होते, काम पसंत पडले तर बॅनर, पिशव्या, कापडावरचे सगळे केशवरावांकडे. नाही तर सोमवारपासून त्यांना सकाळी जायला जागा नव्हती. आणि आता नवे टी-शर्ट आणून छापायला वेळही नव्हता.

शनिवारी अकरा जणांनी ते सदऱ्यांवरूनच चढवले. चंद्रभानजींनी बंडूजींची छाती वाचली, त्यांना खांद्याला धरून फिरवले, पाठ वाचली आणि खो खो हसले. मग सगळेच एकमेकांना फिरवू लागले. शरयू दाराशी उभी राहून वाट पाहत होती. केशवराव सोडून बाकी दहांपैकी एकालाही काही खटकले नाही.

"काका, अक्षरं जरा नीट बघा ना," ती न राहवून चंद्रभानजींना म्हणाली.

"पाह्यली ना. केशवचा हात हाये तो, पोरी. त्यात काय पाहाचं?"

ओमप्रकाशजी आले. त्यांनी मान डावीकडे कलती केली, मग उजवीकडे. "अरे, हे क्या लिहिलंय? उलटं छापलं का?"

हसणे थांबले. अकरा माणसांनी माना खाली घालून आपापली छाती पाहिली.

केशवराव पुढे झाले. "चूक माही हाये, मालक. पोरीनं तीनदा सांगतलं होतं. काम तिले द्या. माह्या डोयाले सुलटं समजत नाई आता."

"ठीक आहे. बेटी, सोमवारी तू ये."

"मी एकटी नाही येणार." शरयूचा आवाज कालपासून चिडलेला होता तो तसाच होता. "असं अक्षर मला काढता येत नाही. उलट-सुलट बघायला मी आहे. कापतील बाबाच."

ओमप्रकाशजी केशवरावांच्या अगदी जवळ गेले, चष्मा कपाळावर सरकवला आणि कापडापासून इंचभर दूर बोट धरून उजवीकडून सुरुवात केली.

"उ... र... ले..."

बंडूजी सांगायला पुढे सरले, तसा चंद्रभानजींनी त्यांचा दंड धरला. बोट सावकाश पुढे जात राहिले, अडले, मागे आले, पुन्हा निघाले. शेवटच्या अक्षरापाशी ते थांबले.

मग ओमप्रकाशजींनी केशवरावांच्या खांद्यांवर हात ठेवले आणि त्यांना अलगद फिरवले.