संपर्क क्रमांक एक, दोन आणि तीन

बाबांना जाऊन तीन महिने झाले, तरी त्यांचा फोन दिवसातून तीनदा वाजत होता. सकाळी सहाला, दुपारी दोनला आणि रात्री दहाला. नदी वरच्या अंगाला ज्या देशातून येते, तिथल्या नियंत्रण कक्षातून पाण्याची पातळी सांगितली जायची. ती वहीत लिहून घ्यायची आणि "मिळालं" म्हणायचं, एवढंच काम. पण ते त्यांच्या मुलीच्या गळ्यात पडलं होतं. दुपारी दोनला ती वाचनालयात असे. भिंतीवर 'शांतता राखा'ची पाटी, पाटीखाली ग्रंथपाल, आणि ग्रंथपालाच्याच पर्समध्ये फोन ठणाणा करतोय.

दोष बाबांचाच. बावीस वर्षांपूर्वी दोन देशांत पुराच्या इशाऱ्यांचा करार झाला, तेव्हा गावातल्या स्वयंसेवी बचाव पथकाकडून एक अर्ज भरून घेतला होता. संपर्क क्रमांक एक, दोन, तीन. तीन वेगळ्या माणसांसाठी तीन रकाने. पथकाचे कप्तान म्हणून बाबांनी तिन्हींत स्वतःचंच नाव लिहिलं. पहिल्यात मोबाइल, दुसऱ्यात घरचा फोन, तिसऱ्यात दुकानाचा. कुणी विचारलं की म्हणायचे, "उचलतो ना मी? मग झालं." हयातभर उचलला, हे खरं. हयातीनंतर कोण उचलणार, हे त्यांनी विचारात घेतलं नव्हतं. घरातल्या बाकीच्या गोष्टींचंही त्यांनी तेच केलं होतं, पण तो विषय वेगळा.

नियम असा की तिन्ही संपर्क रिकामे झाले, तर गावाचं इशारा केंद्र वर्षभर बंद आणि इशारेही बंद. बाबा गेले ते नेमके नदी चढायच्या दिवसांत. खाली काठाला चारशे घरं. तेव्हा पथकानं ठरवलं, कळवायचंच नाही. "ताई, तुम्ही नुसतं 'मिळालं' म्हणा. चार दिवसांचा प्रश्न आहे," इलेक्ट्रिशियन म्हणाला होता. ते चार दिवस अजून संपत नव्हते.

आज दोन्ही देशांची संयुक्त तपासणी होती. नावं बदलता येतील असा वर्षातला हा एकच दिवस. पथकाच्या खोलीत होड्या पुसून ठेवल्या होत्या, दोरखंडांची वेटोळी खुंट्यांवर, लाइफ जॅकेटं आकाराप्रमाणे लावलेली. बाहेरच्या ओट्यावर पथकातले जुने तिघे कुजबुजत होते.

"कप्तान आजारी आहेत, असं सांगायचं," टेलरमास्तर म्हणाले.

"काय झालंय त्यांना?" तिनं विचारलं.

"ताप."

"मास्तर, तुम्ही खांदा दिलाय त्यांना."

"ताई, झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मुठीत फोन आहे, आणि मूठ माझी आहे. आज तुम्ही तिघांनी नावं द्यायची. मी मोकळी."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. इलेक्ट्रिशियन दिवसभर खांबावर, हात तारांत. बेकरीवाल्याची सहाला भट्टी. मास्तरांना मशीनपुढे बसून बसून ऐकायला कमी येऊ लागलेलं. आणि मुख्य म्हणजे, कप्तानांच्या जागी आपलं नाव, बरं दिसत नाही. ती ऐकत राहिली. गेल्या पुरात हेच तिघे अंगातला सदरा न काढता पाण्यात उतरले होते. मागच्या वर्षी मास्तरांनी एका म्हशीला पाठीवरून आणायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. आणि एक फोन उचलायचा म्हटल्यावर सगळ्यांना घाम फुटला होता.

"मग माझंच नाव घाला ना," ती म्हणाली. चिडून म्हणाली होती, पण बेकरीवाल्याचा चेहरा उजळला. "तसंच करू या का?"

ती काही बोलणार, तेवढ्यात पाहुणा आला. पलीकडच्या नियंत्रण कक्षाचा प्रमुख, उंच, म्हातारा. दारात बूट काढून त्यानं विचारलं, "बोला, पाणी किती?"

वाक्य बाबांचं, हेलसुद्धा त्यांचाच. बावीस वर्षं फोनवर बाबांशी बोलून तो ही भाषा शिकला होता, त्यामुळे त्याला येत होती ती फक्त बाबांची भाषा.

"कप्तानांना ताप आहे," मास्तर घाईनं म्हणाले.

"उगाच पाल्हाळ नको," पाहुणा शांतपणे म्हणाला. मग तिच्याकडे वळला. "तू म्हणतेस, 'मिळालं.' तो कधी असं म्हणाला नाही. तो म्हणायचा, 'लिहिलं रे बाबा, सोड मला.' मला पहिल्या दिवशीच कळलं."

"मग तुम्ही वर कळवलं का नाही?"

"कळवलं तर पाणी कुणाला सांगू?"

सगळे खोलीत टेबलाशी आले आणि तिनं हातातला फोन टेबलावर ठेवला. पाहुण्यानं पिशवीतून नवा अर्ज काढला आणि खालच्या एका ओळीवर बोट ठेवलं. 'पूर्वीचा संपर्क कधीपासून उपलब्ध नाही?' तीन महिन्यांपूर्वीची तारीख घातली, तर हे केंद्र बंद, आणि गप्प राहिल्याबद्दल त्याचीही चौकशी. आजची घातली, तर काही नाही. आणि ही ओळ वारसानंच भरायची होती.

खरी तारीख तिनं बँकेत लिहिली होती, वीज कंपनीत, नगरपालिकेत. कुठेही हात थांबला नव्हता. तिनं पेन उचललं आणि परत ठेवलं.

"आधी वरची तीन नावं," ती म्हणाली. "मग तारीख."

"ताई, तिसरं तुमचं घालू का? नुसतं नावाला," इलेक्ट्रिशियन म्हणाला.

"नाही."

"सहाला माझी भट्टी..."

"मग दुपारचा तुमचा. सहाचा यांचा, खांबावर चढायच्या आधी. दहाचा मास्तरांचा. ऐकू नाही आलं तर पुन्हा विचारा. आकडाच आहे, मंगलाष्टक नाही."

पाहुणा हसला. त्याला किती कळलं कोण जाणे. इलेक्ट्रिशियननं खाली मान घालून नाव लिहिलं, मग बेकरीवाल्यानं. मास्तरांनी चष्मा पुसण्यात बराच वेळ घालवला. ती वाट पाहत राहिली. शेवटी त्यांनीही लिहिलं, बारीक अक्षरात.

मग तिनं ओळीवर आजची तारीख घातली. आकडे सरळ आले.

पाहुण्यानं कागदाची घडी करून खिशात ठेवली. तो निघेल असं वाटलं, पण तो उभाच राहिला.

"माणूस गेल्यावर तुमच्यात काय म्हणतात, ते त्यानं शिकवलं नाही," तो म्हणाला.

तिनं आठवून पाहिलं. इतकी पुस्तकं वाचली होती तिनं.

"काही म्हणत नाहीत," ती म्हणाली. "थोडा वेळ बसतात."

तो बाकावर बसला. तीही बसली. बेकरीवाल्यानं तिच्यासमोरचा फोन उचलून आपल्या खिशात घातला आणि घड्याळात पाहिलं. दोनला अजून वीस मिनिटं होती.