तिकडे स्टिअरिंग डावीकडे असतं

"मीठ उचलू नकोस, ती खिंड आहे," मिस्टर म्हणाले.

मॅडमचा हात बरणीवरच थबकला. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून बरेच दिवस झाले होते आणि घरातली निम्मी भांडीकुंडी त्यावर चढली होती. मिठाची बरणी म्हणजे खिंड, उपडी वाटी म्हणजे मुक्कामाचं गाव, आणि आगपेटी म्हणजे यांची भाड्याची गाडी. जेवण आता ओट्याशी उभ्याउभ्या व्हायचं. भाजी अळणी झाली तरी चालेल, पण खिंड जागची हलता कामा नये, असा घरात नवा कायदा झाला होता.

मॅडम ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायच्या. वकील, डॉक्टर, कॉलेजातली पोरं, नव्या सुना, सगळे त्यांना मॅडमच म्हणत. त्या दिवसातून इतक्यांदा 'आमचे मिस्टर' म्हणायच्या की नवऱ्याचंही नाव आपोआप मिस्टर पडलं. मिस्टर शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले होते, पण प्रयोग मांडायची खोड काही निवृत्त झाली नव्हती. गाडी मात्र ते कधी शिकले नाहीत. घरात एक जण ओरडणारं पुरे, असं त्यांचं म्हणणं.

या सगळ्या खुळाला कारण मॅडमची एक जुनी विद्यार्थिनी. ती तिकडे नोकरीला गेली. त्या देशाचं नाव घेताना मिस्टरांची जीभ अडखळायची, म्हणून घरात नुसतं 'तिकडे' म्हणत. देश एवढासा, नकाशावर मिस्टरांच्या तळहाताखाली झाकला जाईल इतका. पण आत सगळे डोंगरच डोंगर आणि डोंगरांवर द्राक्षांचे वेल, अगदी रस्त्याच्या कडेपर्यंत. घरोघरी तळघरात वाइन करतात आणि वाटसरूला थांबवून पाजतात. त्या पोरीनं कळवलं होतं, 'मॅडम, पहिल्यांदा खिंडीचा घाट चढले तेव्हा कानात तुमचाच आवाज होता. क्लच हळू, घाई नको. एकदा याच. हा घाट तुमच्यासाठीच बांधलाय.'

झालं. मॅडम हरभऱ्याच्या झाडावर चढल्या त्या उतरायला तयारच होईनात.

आणि का चढू नये? या बाईनं अर्ध्या शहराला गाडी शिकवली, पण स्वतः कधी घाट चालवला नव्हता. रोज तेच चौक, तेच मैदान, तोच सिग्नल. तीसेक वर्षं सेकंड गिअरमध्ये गेली. तीही बाजूच्या सीटवर, डावीकडे. पायाशी क्लच आणि ब्रेक, समोर काहीच नाही. आता महिनाअखेर नोकरी संपणार होती आणि मॅडमनी मनाशी पक्कं केलं होतं, की खिंडीचा घाट खालपासून वरपर्यंत आपण चालवायचा. दुसरं काही नको.

तिकडे स्टिअरिंग डावीकडे असतं, हा शोध मिस्टरांना लागला तेव्हा तर मॅडम हसत सुटल्या.

"म्हणजे मी आपली माझ्याच जागेवर बसायचं," त्या म्हणाल्या, "आणि स्टिअरिंग उठून माझ्यापुढे येणार. आली की नाही अक्कल त्याला शेवटी?"

मिस्टर म्हणाले, चालवणाऱ्याला तिकडे वाइन देत नाहीत, द्राक्षाचा रस देतात. तेव्हा घरोघरची वाइन चाखायची जबाबदारी आपल्यालाच पेलावी लागणार. हे बोलताना त्यांनी चेहरा असा केला जणू फार मोठा त्याग करताहेत. आयुष्यात त्यांची मजल खोकल्याच्या औषधापुढे गेली नव्हती. मॅडम म्हणाल्या, तुम्हाला तळघरातून वर कोण काढणार? त्यासाठीच तर धाकटीला नेतोय, असं मिस्टरांचं उत्तर.

धाकटी म्हणजे मिस्टरांची बहीण, मॅडमची नणंद. वरच्या मजल्यावर एकटी राहायची, कोपऱ्यावर तिचं वह्या-पेनांचं दुकान होतं. गाडी तिला मॅडमनीच शिकवली होती. दुकानाचा माल आणण्यापुरती चालवायची, पण अशी, की मागच्या सायकलवाल्यांनी घंटा वाजवावी. तिकडे गाडी चालवायला जे परमिट लागतं त्यासाठी मॅडमनी आपल्याबरोबर तिचंही नाव घातलं होतं, ते केवळ असावं म्हणून. तिची जागा मागे, पिशव्यांशेजारी, असं कधीच ठरून गेलं होतं.

रविवारी मॅडमनी रंगीत तालीम काढली. स्कूलची गाडी घेऊन तिघं शिकवणीच्या मैदानावर गेली. मैदान रिकामं होतं. मॅडम आपल्या डाव्या सीटवर बसल्या आणि पिशवीतून त्यांनी स्टीलचं ताट काढलं.

"हे काय?" मिस्टरांनी विचारलं.

"स्टिअरिंग. खरं तुमच्यापुढे आहे ना? मी ताट फिरवीन तसं तुम्ही ते फिरवायचं. क्लच, ब्रेक, गिअर माझे. तुमचे पाय मांडी घालून वर घ्या."

मिस्टरांनी खरंच मांडी घातली. गाडी पहिल्या गिअरमध्ये गोगलगायीसारखी निघाली. ताट उजवीकडे, मिस्टर उजवीकडे. ताट डावीकडे, मिस्टर डावीकडे. मागे नणंदबाई हसून हसून आडव्या झाल्या. मॅडमच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू होता. आता खिंड आली, आता वळण, आता हॉर्न, खाली बघा केवढी दरी. मिस्टर इमानेइतबारे दरी बघत होते. इतक्या वर्षांच्या संसारात ही दोघं अशी खुळ्यासारखी हसली होती की नाही, देव जाणे.

तेवढ्यात गाडी धपकन थांबली. मैदानाच्या कडेला जुन्या टायरांची रास होती, तिच्यात डाव्या बाजूनं जाऊन घुसली होती.

"अहो, डोळे आहेत का काय?" मॅडम कडाडल्या. "एवढी रास दिसली नाही?"

"मी ताटाकडे बघत होतो," मिस्टर म्हणाले. "ताट डावीकडे गेलं, मी डावीकडे गेलो."

मॅडमनी त्यांना फैलावर घेतलं. पण घरी येताना, ताट आपण फिरवलं होतं आणि रास आपल्या बाजूला होती, हे त्यांच्या मनातून जाईना. मागे पोरं डाव्या कठड्याला गाडी घासायची आणि आपण त्यांच्यावर डाफरायचो, तेही आठवलं.

दोन दिवसांनी चष्म्याचा नंबर काढून येते सांगून त्या एकट्याच डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या. तिथं एका यंत्रात डोकं घालून मधल्या ठिपक्याकडे बघायचं होतं आणि कडेला कुठं दिवा चमकला की बटण दाबायचं. मॅडमनी पटापट दाबलं. आपण पैकीच्या पैकी मिळवणार याची त्यांना खात्री होती. डॉक्टरीणबाई तरुण होती. कागदाकडे बघत ती म्हणाली, "डावीकडे बरेच दिवे लागले होते, मॅडम."

काचबिंदू होता. दोन्ही डोळ्यांत, डावीकडून आत सरकत आलेला. जे गेलं ते परत येत नाही, राहिलेलं औषधाच्या थेंबांनी सांभाळायचं. मॅडमनी गाडीचं विचारलं. डॉक्टरीणबाईनं मान हलवली. शिकवायचंही आजपासून बंद करा म्हणाली.

स्कूलमध्ये मॅडमनी उरलेले दिवस रजा टाकली. घरात मात्र अवाक्षर काढलं नाही. परमिट आलं होतं, कपाटात होतं. तिकडे कोण विचारणार होतं? डॉक्टरीणबाई काही खिंडीत उभी राहणार नव्हती. मान जरा जास्त वळवली की सगळं दिसतं, असं त्या स्वतःला समजावत राहिल्या. चोरून थेंब घालायच्या आणि बाहेर येऊन दुप्पट उत्साहानं नकाशावर तुटून पडायच्या. आता त्यांना तळ्याकाठचा मुक्कामही हवा होता, आणि जुन्या पुलावरून जाणारी वाटही.

मिस्टरांना तर ऊत आला होता. एका संध्याकाळी त्यांनी नणंदबाईंसमोर घाटाचा प्रयोग मांडला. कागदाच्या घड्या घालून वळणं केली. एक आगपेटी मॅडमच्या हातात दिली, दुसरी स्वतःकडे घेतली. ही दुसरी म्हणजे वरून येणारा ट्रक.

"तिकडे रस्त्याच्या उजवीकडून जायचं," ते बहिणीला समजावत होते. "म्हणजे समोरून येणारा नेहमी आपल्या डाव्या हाताला. वळणावर एकदम पुढ्यात येतो. पण मी निर्धास्त आहे. ही चालवणार म्हटल्यावर मी खुशाल डोळे मिटून बसणार. हं मॅडम, चला वर."

मॅडमनी आगपेटी चालवायला घेतली. एक वळण, दुसरं वळण. मिस्टरांचा ट्रक बरणीच्या आडून घरंगळत आला आणि हसत हसत त्यांनी तो मॅडमच्या डाव्या कोपराशी आणला.

"दिसला का ट्रक?"

मॅडमचा हात थांबला. समोर दोघांचे चेहरे होते, हसरे. हीच दोघं त्या गाडीत असणार होती, एक शेजारी आणि एक मागे.

"नाही दिसला," मॅडम म्हणाल्या. "मला डावीकडचं दिसत नाही हो. मला नाही चालवता येणार."

मग त्यांनी सगळं सांगितलं आणि त्या रडल्या. डोळ्यांना पदर लावून हळूच वगैरे नाही, चांगल्या हुंदके देऊन रडल्या. घाटाचं दुःख होतंच, पण अशीच गप्प बसले असते तर तुम्हाला घेऊन निघालेही असते, ही धास्ती त्याहून मोठी होती. मिस्टर नकाशा गुंडाळायला लागले. रद्द करू, म्हणाले, डोळ्यांपुढे काय घाट घेऊन बसलीस.

"ठेवा तो खाली," मॅडमनी नाक पुसलं. "खिंडीला हात लावू नका. ही चालवेल."

नणंदबाईंनी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"वहिनी, माझ्या मागून सायकली पुढे जातात."

"जाऊ देत. घाटात हळूच जायचं असतं. चप्पल घाल, मैदानावर जाऊ."

पुढचे दिवस सगळ्या गल्लीची करमणूक झाली. मॅडमना स्कूलनं गाडी दिली, तिथला दुसरा मास्तर उजवीकडे बसला आणि डावीकडे मॅडमच्या जागेवर, हातात तेच स्टीलचं ताट घेऊन, नणंदबाई. मॅडम मागून दोन सीटांच्या मधून डोकं काढून बोलत होत्या. त्यांचा घसा बसला, पण बोलणं थांबलं नाही. कधी क्लच सोडायचा, कधी कडेला थांबून दुसऱ्याला वाट द्यायची, उतारावर ब्रेकवर का विसंबायचं नाही. स्वतःसाठी म्हणून जे जे योजून ठेवलं होतं ते सगळं त्यांनी नणंदेला देऊन टाकलं. हात आखडता घेतला नाही. नणंदबाई घाबरत होत्या, घामाघूम होत होत्या. एका सकाळी चुकून तिसऱ्या गिअरमध्ये गेल्या आणि चक्क हसल्या. मॅडमना हेवा वाटला आणि आनंदही झाला. दोन्ही एकदमच झालं, आधी काय ते त्यांना सांगता आलं नसतं.

निघायच्या आदल्या आठवड्यात गाडीवाल्या कंपनीचा फोन आला. मॅडमनीच उचलला. मिस्टर आणि नणंदबाई पिशव्यांवरून भांडत होते, ते जवळ येऊन उभे राहिले. पलीकडचा मुलगा भारी अदबीनं बोलत होता. आधी कळवलेल्या चालकाच्या नावात बदल आहे असं दिसतंय, नवं नाव सांगाल का, म्हणाला. मॅडमनी नणंदेचं नाव सांगितलं. त्याला नीट कळेना, तेव्हा एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. मग खिंड उघडी आहे ना, टायर नवे आहेत ना, आरसे तपासलेत ना, असं त्याला फैलावर घेऊन झालं. खिंड उघडी आहे, द्राक्षं उतरवायला आलीत, तुम्ही अगदी वेळेवर येताय, असं तो म्हणाला. मॅडमचा चेहरा उजळला. त्यांनी हातानंच दोघांना खूण केली, उघडी आहे म्हणून.

"आणि माझं नाव लिहून घ्या," त्या म्हणाल्या. "मी पुढे बसणार आहे, चालवणाऱ्याच्या शेजारी."

"शेजारी बसणाऱ्याचं नाव लागत नाही, मॅडम," तो मुलगा म्हणाला.

"हो," मॅडम म्हणाल्या, "ते माहीत आहे मला." आणि त्यांनी सावकाश फोन खाली ठेवला.